जमखंडीचे ग्रहण आणि सौरवाऱ्यातील वळणे

शके 1790 च्या श्रावणी अमावास्येला, म्हणजे 18 ऑगस्ट 1868 रोजी, बेळगावच्या ईशान्येस जमखंडीत सकाळच्या प्रहरी अंधार पडला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते गाव बागलकोट जिल्ह्यात मोडते. खग्रास ग्रहणाचा पट्टा दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणकडे जाणार होता आणि रॉयल सोसायटीची उपकरणे घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी येथे तळ दिला होता. हे विख्यात ज्योतिषी विल्यम हर्शेल यांचे नातू. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीखात्यात ते नोकरीस होते.

श्रावणातले आभाळ ते! ऐन वेळी ढग आडवे आले. तरीही मिळाल्या फटीतून हर्शेल यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेघा पाहिल्या. त्यांतील नारिंगी रेघ पुढे हेलियम वायूची ठरली आणि तिची कीर्ती झाली. त्या कीर्तीच्या उजेडात जमखंडीचे दुसरे निरीक्षण मात्र झाकोळून गेले. हर्शेल यांचे सहकारी लेफ्टनंट कॅम्पबेल यांच्याकडे ध्रुवणमापक होता. चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती दिसणारे रुपेरी प्रभामंडल सूर्याचे, चंद्राचे, की पृथ्वीच्या हवेत उमटणारा नुसता आभास, हा वाद त्या काळी मिटलेला नव्हता. कॅम्पबेल यांना प्रभामंडलाचा प्रकाश ठळकपणे ध्रुवित आढळला आणि ध्रुवणाची पातळी सूर्याच्या केंद्रातून जाणारी दिसली. सूर्याचा प्रकाश सूर्याभोवतीच्याच कणांवरून विखुरला तरच असे घडते. प्रभामंडल सूर्याचे आहे, या बाजूला त्या सकाळी मोठे वजन पडले.

मग ते केवढे आहे, कोठवर पसरले आहे? या प्रश्नाच्या उत्तरास नव्वद वर्षे लागली. 1940 च्या सुमारास त्याचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याचे ध्यानी आले. इतका तप्त वायू सूर्याला बिलगून स्वस्थ राहू शकत नाही, तो अखंड बाहेर वाहत असला पाहिजे, असे युजीन पार्कर यांनी 1958 साली गणिताने दाखविले. परीक्षकांनी लेख परतविण्याजोगा ठरविला होता. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणितात चूक सापडत नाही एवढ्यावर तो छापला. चारच वर्षांनी मरिनर 2 यानाला तो सौरवारा प्रत्यक्ष लागला. तो सेकंदाला सुमारे तीनशे ते आठशे किलोमीटर वेगाने वाहतो आणि सूर्याच्या चुंबकीय बळरेषा आपल्याबरोबर ओढीत नेतो.

या बळरेषा सूर्यापासून सरळ बाहेर निघाव्यात, आणि सूर्याच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे त्यांना दूरवर मंद वळसा पडावा, अशी अपेक्षा. परंतु हेलिऑस आणि युलिसिस या यानांना मधूनच क्षेत्राची दिशा उलटलेली आढळे. 2018 साली पार्कर यांच्याच नावाचे यान सूर्यापासून अडीच कोटी किलोमीटरांच्या आत गेले, तेव्हा अशा पलट्या अगणित असल्याचे कळले. काही काही सेकंद टिकणाऱ्या, काही तासभराच्या. क्षेत्राची तीव्रता जवळजवळ तेवढीच राहते, दिशा तेवढी फिरते आणि त्याच क्षणी वाऱ्याचा वेग एकाएकी वाढतो.

क्षेत्र खरोखरच विरुद्ध ध्रुवतेचे झाले, की रेषाच दुमडली? याचा निवाडा इलेक्ट्रॉन करतात. तप्त इलेक्ट्रॉनांचा झोत बळरेषा धरून सूर्यापासून दूर धावत असतो. दिशा उलटूनही झोत सूर्याकडूनच येत राहिला, तर ती रेषा सूर्यावरील विरुद्ध ध्रुवतेच्या जागेतून निघालेली. झोतही उलटा येऊ लागला, तर रेषा तीच, फक्त दुमडलेली. या पलट्यांत झोतही उलटतो. निपाणीकडून वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि ते पाणी कृष्णेत जाते. नागमोडी वळणात पाणी घटकाभर पश्चिमेकडे वाहते, म्हणून नदी काही उगमाकडे निघालेली नसते.

वळण पडते कसे, यावर मात्र मतभेद आहेत. सूर्याच्या पृष्ठावर सुमारे तीस हजार किलोमीटर रुंदीच्या उकळत्या वायूच्या पेशी आहेत. त्यांच्या कडांशी चुंबकीय क्षेत्र गोळा होते. तेथे आकाशात मोकळी गेलेली रेषा शेजारच्या कमानीला भिडते. दोन्ही तुटतात आणि टोके बदलून पुन्हा जुळतात. मोकळ्या रेषेला अशा रीतीने आकडा पडतो आणि तो वाऱ्याबरोबर बाहेर जातो. पलट्या झुपक्यांनी येतात आणि झुपक्यांचा विस्तार या पेशींशी जुळतो, हा या मताचा बळकट आधार. दुसरे मत असे की बळरेषांवरील बारीक लाटाच वारा फैलावताना वाढत वाढत उलटून पडतात. यान 2021 पासून प्रभामंडलाच्या अगदी आतल्या भागात शिरू लागले आणि तेथे पूर्ण पलट्या विरळ आढळल्या. ही गोष्ट दुसऱ्या मताला धार्जिणी आहे. बीज सूर्याजवळ पडते आणि वाढ वाटेवर होते, असे मानले तर दोन्ही पुरावे सांभाळले जातात, आणि तूर्त तेच अधिक सयुक्तिक दिसते.

असे एक वळण पुढे डोळ्यांनीही दिसले. सोलर ऑर्बिटर यानावरील मेटिस हे उपकरण सूर्यबिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडविते आणि प्रभामंडलाचा प्रकाश ध्रुवणासह मोजते. कॅम्पबेल यांनी ढगांच्या फटीतून जे साधले, तेच ते यान ढगाविना हवे तितका वेळ करते. 25 मार्च 2022 रोजी त्याच्या चित्रांत एका क्रियाशील प्रदेशावर नागमोडी आकडा उठून बाहेर सरकताना दिसला. मोकळी रेषा आणि कमान यांच्या जुळणीतून जसा व्हावा, तसाच तो होता. पार्कर यांना ते चित्र पाहावयास मिळाले नाही; 15 मार्चला, दहाच दिवस आधी, ते वारले होते.