चिली क्वीन्सची चूल
माझ्या लेकीला ग्लुटेन चालत नाही, म्हणून मैद्याशिवाय चिली कशी करतात ते शोधत मी या मांसाच्या रश्श्याच्या मुळाशी गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या चौकांत संध्याकाळी कंदील लागत आणि मेक्सिकन वंशाच्या बायका सुक्या मिरच्या, लसूण, जिरं घालून रटरटवलेलं गोमांस वाढत. त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. १८९३ मध्ये ही चिली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पोचली. पुढे आरोग्य खात्याच्या नियमांनी त्या चुली विझवल्या. १९७७ मध्ये मात्र टेक्सासने चिलीला राज्याचा पदार्थ ठरवलं. तिला मैद्याची गरजच नाही. भिजवलेल्या मिरच्यांच्या वाटणानं रस दाटतो. हवं तर थोडं मक्याचं पीठ लावा. तयार मसाला घेताना पाकिटावरची यादी मात्र नक्की वाचा.