ॲपमधला कॅमेरा झूम कसा चालतो? पोशीरच्या भातखाचरापासून समजून घ्या

पोशीर हे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं, नेरळ-कळंब रस्त्यावरचं गाव. हा सगळा भाताचा पट्टा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाचरं पाण्याने भरलेली, बांध निसरडे, आणि नेमकं याच दिवसांत सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं काम येतं. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ही नोंद शेतकरी स्वतः 'ई-पीक पाहणी' ॲपवरून करतो. गट निवडायचा, पीक भरायचं आणि शेतात जाऊन फोटो काढायचा. फोटोसोबत अक्षांश-रेखांशही जातात.

आता समजा, चिखल तुडवण्याऐवजी कुणी रस्त्यावर उभं राहून झूम केला आणि पलीकडच्या खाचराचा फोटो काढला. फोटोत भात अगदी जवळ दिसेल. पण जीपीएस नोंदवतं ती फोन जिथे आहे ती जागा, भाताची नव्हे. म्हणजे चित्र एका ठिकाणचं आणि पत्ता दुसऱ्या ठिकाणचा! ॲपच्या सुधारित आवृत्तीत फोटोची जागा आणि निवडलेला गट यांतलं अंतर तपासलं जाऊ लागलं, ते यासाठीच. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाने खरेदी या सगळ्यांसाठी हीच नोंद बघितली जाते. त्यामुळे फोटो पुरावा म्हणून घेणाऱ्या कोणत्याही ॲपमध्ये झूम किती द्यायचा, हा प्रश्न फक्त सोयीचा राहत नाही.

झूम म्हणजे नेमकं काय होतं?

बहुतेक फोनमध्ये भिंग पुढेमागे सरकत नाही. सेन्सरवर आलेल्या चित्राचा मधला भाग कापला जातो आणि तो ताणून मोठा केला जातो. याला डिजिटल झूम म्हणतात. 12 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर 2 पट झूम केला की रुंदी निम्मी आणि उंचीही निम्मी, म्हणजे उरतात फक्त 3 मेगापिक्सेल. 4 पट केला की जेमतेम पाऊण. ॲप फाइल पुन्हा मोठी करून देतं, पण लोंबीचा जो बारकावा सेन्सरवर आलाच नाही तो नंतर कुठून येणार? महागड्या फोनमध्ये टेलिफोटो लेन्स वेगळी असते, तिथे ठरावीक आकड्याला फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो. तो आकडा सोडला की पुढे परत कापाकापीच.

कोडमध्ये हे कसं सांगतात?

अँड्रॉइडवर हा प्रवास बराच वळणावळणाचा झाला. 2014 मध्ये अँड्रॉइड 5 सोबत 'कॅमेरा 2' ही प्रणाली आली. तिच्यात डेव्हलपरला थेट आयत सांगावा लागे: सेन्सरचा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचा भाग घे. गणित चुकलं की चित्र एका बाजूला सरकायचं. अँड्रॉइड 11 मध्ये (2020) नुसतं 'झूम रेशो' सांगायची सोय आली आणि 1 पेक्षा कमी आकडाही चालू लागला, म्हणजे 0.6 सांगितलं की अल्ट्रावाइड. आज अनेक ॲप 2019 मध्ये जाहीर झालेल्या 'कॅमेरा एक्स' लायब्ररीवर बनतात. त्यात झूम बदलायच्या दोन आज्ञा आहेत, 'सेट झूम रेशो' आणि 'सेट लिनिअर झूम'.

दुसरी आज्ञा का लागते? स्क्रीनवरची पट्टी सरळ आकड्याला जोडली तर ती विचित्र वागते. 1 वरून 2 वर जाताना दृश्य एकदम निम्मं होतं, पण 7 वरून 8 वर जाताना फारसा फरक जाणवत नाही. 'लिनिअर' आज्ञा 0 ते 1 मधला आकडा घेते आणि दृश्याची रुंदी समान पावलांनी कमी करते. कमाल झूम 8 पट असेल तर पट्टी मध्यावर आल्यावर प्रत्यक्ष झूम साधारण 1.8 पट असतो. बोटाला मात्र तेच नैसर्गिक वाटतं.

दोन बोटांच्या चिमटीचं वेगळं. बोटं किती फाकली याचं गुणोत्तर फोन देतो, ते चालू झूमला गुणायचं आणि उत्तर किमान-कमाल मर्यादेत अडकवायचं. ही मर्यादा प्रत्येक फोनला विचारूनच घ्यावी लागते. ती ओलांडली तर कॅमेरा एक्स फक्त विनंती नाकारतो. आयफोनवर मात्र थेट ॲपच बंद पडू शकतं. तिथे झूम बदलण्याआधी कॅमेरा 'लॉक' करणंही सक्तीचं आहे. आयफोनची आणखी एक गंमत: अल्ट्रावाइड आणि वाइड मिळून बनलेला जोड-कॅमेरा निवडला तर कोडमधला 1 म्हणजे अल्ट्रावाइड. वापरणाऱ्याला जे '1x' दिसतं, ते कोडमध्ये 2 असतं. नवखे हमखास इथे अडखळतात.

काही ॲप स्वतःचा कॅमेरा बनवतच नाहीत, फोनमधलंच कॅमेरा ॲप उघडून फोटो मागवतात. काम झटपट होतं, पण मग झूमवर काहीही ताबा राहत नाही. पुरावा हवा असेल तर हा मार्ग टाळलेला बरा. ॲपमध्येच कॅमेरा द्यावा, कमाल मर्यादा 1 किंवा 2 पटीवर बांधावी आणि झूम किती होता ते फोटोसोबत नोंदवावं. फोटोच्या एक्झिफ माहितीत डिजिटल झूमसाठी वेगळा रकाना आहेच, फक्त तो भरायची तसदी घ्यावी लागते.

दुकानातला क्यूआर कोड लांबून स्कॅन करताना गरज बरोबर उलटी असते. तिथे ॲपने आपणहून झूम करावा हेच बरं, आणि गूगलच्या एमएल किटमध्ये तशी सोय आहे: कोड लहान दिसला की किती झूम हवा ते लायब्ररी सुचवते, ॲप तो लावतं.

एक्झिफमधली ही माहिती फोटोसोबत कायम राहील असं मात्र समजू नये. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की जागा आणि कॅमेऱ्याचा तपशील गळून जातो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.