पोराला नेमबाजी शिकवायचीय? पहिलं पिस्तूल घेण्याआधी एवढं बघा

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझपदक जिंकलं. त्याच्या चार दिवस आधी मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ मिळवलं होतं. कोल्हापूरची राही सरनोबत तर २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन आली, आणि एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. साहजिकच गावागावांत पोरं-पोरी म्हणू लागल्या, आम्हालाही नेमबाजी शिकायची. स्वप्नीलचा प्रकार रायफलचा, पण पिस्तुलाकडं ओढा जास्त. हातात मावतं, सिनेमात दिसतं.

मग घरात पहिला प्रश्न येतो, पिस्तूल कुठलं घ्यायचं? आणि पहिली चूक इथंच होते. मोबाईलवर बघून काहीतरी मागवलं जातं, आणि सहा महिन्यांनी ते कपाटावर धूळ खात पडतं. खरं तर सुरुवातीला काहीच विकत घ्यायचं नसतं.

आधी रेंज, मग पिस्तूल

नेमबाजी क्लबात किंवा रेंजवर शिकाऊ मुलांसाठी सहसा क्लबचीच पिस्तुलं असतात. फी भरायची, छर्रे घ्यायचे आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करायचा. कोल्हापुरात दुधाळी, पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल, मुंबईत वरळी ही जुनी ठिकाणं. आता बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी १० मीटरच्या खासगी रेंजही आहेत, कारण त्याला मोठं मैदान लागत नाही, लांबट हॉल पुरतो. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर तीही वाट आहे. राहीची बंदुकीशी ओळख एनसीसीतच झाली.

निदान तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर काढावेत. तेवढ्यात दोन गोष्टी कळतात. पोराला खरंच गोडी आहे की नुसती हौस, हे एक. दुसरं म्हणजे त्याचा हात, डोळा आणि खांदा कसा आहे. हे कळल्याशिवाय घेतलेलं पिस्तूल म्हणजे माप न घेता शिवलेला सदरा.

कायदा काय म्हणतो

नवशिक्यासाठी पिस्तूल म्हणजे एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणारं. स्पर्धेत चालतं ते ४.५ मिलिमीटरचं, ज्याला दुकानदार 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन' म्हणतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ताकद पाच-सहा ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळं ते या मर्यादेत आरामात बसतं. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा. पक्कं बिल घ्यावं आणि प्रवासात पिस्तुलाच्या पेटीतच ठेवावं. जो दुकानदार बिल देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, मग तो ओळखीचा असला तरी.

.२२ चं किंवा त्याहून मोठं, काडतुसाचं पिस्तूल ही वेगळी गोष्ट. त्याला परवाना लागतोच, आणि नवशिक्याला त्याचं कामही नाही. २५ मीटरचा खेळ त्यावर चालतो, पण तिथं पोचणारी बहुतेक मुलं आधी १० मीटरला तयार होतात. आणि 'कुणाच्या तरी ओळखीनं स्वस्तात मिळतंय' असं जे असतं, तो कट्टा. बिनपरवाना अग्निशस्त्र बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं तुरुंग. सरावासाठी घेतलं होतं, हे तिथं कुणी ऐकून घेत नाही.

अजून एक. परवाना लागत नाही म्हणजे काहीही करायला मोकळीक आहे, असं नाही. छर्र्याच्या बंदुकीनं शेतातली पाखरं मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो. आणि एअर पिस्तूल लांबून खऱ्यासारखंच दिसतं. जत्रेत किंवा वरातीत ते बाहेर काढलं, रीलमध्ये मिरवलं, तर पोलीस दारात आल्यावर 'छर्र्याचं आहे हो साहेब' हे सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.

कुठला प्रकार घ्यावा

बाजारात ढोबळमानानं चार प्रकार दिसतात. सगळ्यात स्वस्त, स्प्रिंगवर चालणारं. नळी मोडून किंवा लिव्हर ओढून भरायचं. सुटताना आतली स्प्रिंग झटका देते, त्यामुळं चूक हाताची की पिस्तुलाची, हे शिकणाऱ्याला कळत नाही. शिवाय दर वेळी ते ओढायला जोर लागतो, बारा-तेरा वर्षांच्या पोराचा दंड पंचवीस छर्र्यांत भरून येतो.

दुसरा प्रकार गॅसच्या छोट्या नळकांडीवर चालणारा. यातली बरीचशी पिस्तुलं दिसायला हुबेहूब पोलिसांच्या पिस्तुलासारखी आणि स्टीलच्या गोळ्या उडवणारी असतात. पोरांना हीच आवडतात, आणि हीच घेऊ नयेत. स्टीलची गोळी भिंतीवर, दगडावर आपटून उलटी येते, डोळ्याला धोका. नेमही लागत नाही, कारण अशा बहुतेकांची नळी आतून गुळगुळीत असते, छर्र्याला पीळ मिळत नाही. शिवाय हा गॅस उन्हा-थंडीनं बदलतो. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी वेगळा दाब, डिसेंबरात सकाळी वेगळा.

तिसरा प्रकार, दर छर्र्याला एकदाच लिव्हर दाबून हवा भरायचा. याला झटका जवळपास नाही, सिलिंडरची भानगड नाही. सराव सावकाश होतो, पण नवशिक्याला सावकाश होणं चांगलंच. चांगल्या अवस्थेतलं असं जुनं पिस्तूल मिळालं तर सुरुवातीला पुष्कळ आहे.

चौथा प्रकार, ज्यावर आज सगळी मोठी स्पर्धा चालते, तो सिलिंडरचा. नळीखाली हवेचं छोटं सिलिंडर असतं, ते साधारण २०० बारपर्यंत भरतात आणि एका भरण्यात शंभर-दीडशे छर्रे सहज निघतात. ऑस्ट्रियाचं स्टायर, जर्मनीचं वॉल्थर आणि फाइनवर्कबाउ, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्दिनी ही नावं रेंजवर ऐकू येतात. किंमत लाखाच्या पुढं जाते. काही कंपन्या नवशिक्यांसाठी साधी, कमी किमतीची किंवा लहान हातांसाठी हलकी पिस्तुलंही काढतात, आधी तीच विचारावीत.

सिलिंडरबाबत एक गोष्ट गावाकडं नीट समजून घ्यायला हवी. ते पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरत नाही. तिथला दाब दहा बारच्या आसपास, इथं लागतो दोनशे. त्यासाठी खास हातपंप किंवा रेंजवरचं मोठं सिलिंडर लागतं. आणि वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन तर कधीही भरायचा नाही. तेलाचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आला की स्फोट होतो. साधी, कोरडी, स्वच्छ हवाच.

हाताला बसतं का?

कंपनीपेक्षा महत्त्वाची आहे मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ लाकडी, तळव्याच्या आकाराची असते. ती लहान, मध्यम, मोठी अशा मापात येते, उजव्या हाताची वेगळी, डावऱ्यांची वेगळी. खाली तळव्याला टेकणारी पट्टी वर-खाली करता येते. मोठ्या मापाची मूठ लहान हाताला दिली की बोट चापापर्यंत नीट पोचत नाही, ते तिरकं ओढतं आणि छर्रा बाजूला जातो. बघायची पद्धत सोपी: डोळे मिटून पिस्तूल धरायचं, हात लक्ष्याकडं उचलायचा, डोळे उघडायचे. पुढची आणि मागची साईट जवळपास एका ओळीत दिसली तर मूठ बसते. दर वेळी मनगट वळवावं लागत असेल तर मूठ चुकीची.

दुसरं, डोळा. दोन्ही हात लांब करून बोटांमध्ये छोटं छिद्र धरायचं आणि त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू छिद्रातच राहते तो जोरकस डोळा. उजव्या हाताचा आणि डाव्या डोळ्याचा असा उलटा मेळ काहींचा असतो. ते कळल्यावर प्रशिक्षक ठरवतो, हात बदलायचा की मान आणि उभं राहणं बदलायचं. मूठ डावी घ्यायची की उजवी, हे त्यावरच ठरतं, म्हणून हे खरेदीआधीच बघायचं.

तिसरं, वजन. नियमाप्रमाणे पिस्तूल सगळ्या जोडण्यांसह १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. बहुतेकांचं वजन एक किलोच्या आसपास भरतं. पिस्तूल एकाच हातात, कशाचाही आधार न घेता धरायचं असतं. घरी अंदाज घ्यायचा तर पाण्यानं भरलेली लिटरची बाटली एका हातात खांद्याच्या उंचीला धरून बघावी. दहा सेकंदांत हात थरथरला तर घाबरायचं कारण नाही, पण त्या पोराला जड पिस्तूल आत्ताच नको.

चाप दाबायला किमान ५०० ग्रॅम जोर लागला पाहिजे, हाही स्पर्धेचा नियम. तपासणीत वजन टांगून बघतात. चाप आणखी हलका करून देतो म्हणणारा मिस्त्री पोराला स्पर्धेबाहेर बसवतो.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर १० मीटरवरच्या लक्ष्यातला दहाचा गोल फक्त ११.५ मिलिमीटरचा. शर्टाच्या बटणाएवढा. त्यावर ७५ मिनिटांत ६० वेळा नेम धरायचा.

जुनं घेताना

नवं परवडत नाही म्हणून बरेचजण वापरलेलं घेतात, आणि त्यात वावगं काही नाही. धातूच्या चांगल्या पिस्तुलाची नळी वर्षानुवर्षं टिकते. पण सिलिंडरवरची तारीख आधी बघावी. सिलिंडरला मुदत असते, साधारण दहा वर्षांची, आणि मुदत संपलेलं स्पर्धेत चालत नाही. नवं घ्यावं लागलं तर तो खर्च किमतीत धरावा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवावं, सकाळी काटा खाली आलेला असेल तर गळती आहे. रबरी कड्या बदलून ती बहुधा थांबते, पण कोण बदलून देणार, हे आधी विचारावं. पैसे देण्याआधी प्रशिक्षकाच्या हातून कागदावर दहा-वीस छर्रे मारून बघावेत.

दुरुस्तीचा मुद्दा किरकोळ वाटतो, तो तसा नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली, ती ५७५ गुणांवर राहिली आणि बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्याबरोबर प्रशिक्षक होते, सुटे भाग होते, तरी हे झालं. तालुक्याच्या गावी बसून परदेशी पिस्तूल घेणाऱ्यानं म्हणूनच असं मॉडेल घ्यावं, जे आपल्या रेंजवर आणखी चारजण वापरतात. कडी, स्प्रिंग, स्क्रू उसना मिळतो. इलेक्ट्रॉनिक चापापेक्षा साधा यांत्रिक चाप नवशिक्याला बरा, तो समजतो आणि खोलता येतो.

घरी आणल्यावर

पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडं. रिकामं आहे हे माहीत असलं तरी माणसाकडं रोखायचं नाही, गमतीनंही नाही. छर्रे सपाट तोंडाचे घ्यावेत, कागदावर गोल स्वच्छ उठतो आणि गुण मोजता येतात. ते शिशाचे असतात, म्हणून सरावात खाणं-पिणं नको आणि नंतर हात साबणानं धुवायचे. पावसाळ्यात पेटीत ओल राहू देऊ नये.

घरी छर्रे मारायची गरजही नाही. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघून, नुसतं उचलणं, साईट जुळवणं आणि चाप दाबणं हा सराव मोठे खेळाडूही रोज करतात. त्याला पैसा लागत नाही. मात्र रिकामा चाप ओढायची सोय पिस्तुलात आहे का, हे आधी बघावं, काही पिस्तुलांना तसा ओढलेला सोसत नाही.

स्पर्धेत उतरायचं तर जिल्हा किंवा राज्य रायफल संघटनेचं सदस्यत्व लागतं. राज्य स्पर्धेत ठरलेले गुण आले की पुढं राष्ट्रीयच्या आधीची मावळंकर स्पर्धा. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचं नाव तिला आहे, देशाच्या रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच होते. या टप्प्यापर्यंत क्लबच्या पिस्तुलावर पोचणारी मुलं असतात. पोरगं तिथवर गेलं की प्रशिक्षक स्वतःच सांगतो, आता याला स्वतःचं घ्या, आणि कुठलं घ्यायचं तेही.