जीवावरण : नर्मदाकाठच्या दगडांची साक्ष

पृथ्वीवर जीव कोठे आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर 'सर्वत्र' असे उत्तर सहज दिले जाते. गवत, पाखरे, गुरे, माणसे आणि मासे ज्याच्या नित्य दृष्टीस पडतात, त्याला ते उत्तर खरेही वाटते. परंतु मापे घेऊन पाहिले तर ते टिकत नाही. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. समुद्राचा सर्वांत खोल तळ पृष्ठभागाखाली सुमारे अकरा किलोमीटरवर आहे, आणि पक्ष्याच्या उड्डाणाची सर्वांत मोठी नोंद आहे तीही तेवढ्याच उंचीची. १९७३ साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे एक गिधाड ११ हजार मीटरांहून अधिक उंचीवर विमानाला धडकले होते. म्हणजे खालच्या तळापासून वरच्या टोकापर्यंत सारे मिळून वीस-बावीस किलोमीटर झाले. एक मीटर व्यासाचा पृथ्वीगोल केला, तर त्यावर हा जीवांचा थर जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीचा होईल. त्यातही अरण्ये, शेते आणि सूर्यप्रकाश पोहोचतो तो समुद्राचा वरचा भाग एवढ्यातच जीवांची खरी दाटी आहे. तो भाग त्या गोलावर रंगाच्या एका हातासारखा दिसेल.

या पातळ थराला शास्त्रज्ञ 'जीवावरण' म्हणतात. त्याच्या सीमा आखणे सोपे नाही, कारण जीव चिवट असतो. हिमालयात ६,७०० मीटरांवर, जेथे रोपटेही उगवत नाही, तेथे वाऱ्याबरोबर वाहत आलेल्या बारीकसारीक खाद्यावर जगणारा कोळी १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सापडला. २३ जानेवारी १९६० रोजी दोन माणसे 'ट्रिएस्ट' नावाच्या यानातून पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल तळाशी उतरली. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशाचा आधार न घेणारी जीवांची वस्ती आढळली. महाराष्ट्रातील उदाहरणही याच मालिकेतले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेचे नाव सर्वतोमुखी झाले. भूकंपांच्या अभ्यासासाठी पुढे त्या परिसरात खोल विंधनविवरे घेण्यात आली. काळ्या पाषाणाचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत नळ्या गेल्या आणि तेथून वर आलेल्या खडकांच्या नमुन्यांतही सूक्ष्मजंतूंच्या खुणा मिळाल्या. तेथे उजेड नाही, माती नाही, हवा खेळत नाही, तरीही जीव आहे.

'जीवावरण' या कल्पनेचा जन्म मात्र समुद्राच्या तळाशी किंवा खाणीत झाला नाही, तो पर्वतांच्या अभ्यासातून झाला. एडुआर्ड झ्यूस हे व्हिएन्ना येथील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. आल्प्स पर्वताच्या उत्पत्तीवरील १८७५ सालच्या ग्रंथात त्यांनी शिलावरण, जलावरण आणि वातावरण यांच्या जोडीला सजीवांचेही एक आवरण मानले आणि त्याला 'बायोस्फिअर' हे नाव दिले. त्या एका शब्दापलीकडे त्यांनी त्याचा फारसा विस्तार केला नाही. दहा वर्षांनी, १८८५ साली, त्यांनीच आणखी एक नाव रूढ केले. भारत, आफ्रिका आदी भूभाग प्राचीन काळी एकाच विशाल भूमीचे अंश होते, असे त्यांचे मत होते. त्या भूमीला त्यांनी 'गोंडवन-भूमी' म्हटले. हे नाव आले गोंडांच्या मुलखावरून. भारतीय भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे मेडलिकट यांनी १८७२ साली मध्य भारतातील एका जुन्या खडकमालिकेला 'गोंडवन' ही संज्ञा दिली होती. अशा रीतीने व्हिएन्नातील ज्या विद्वानाने जीवावरणाला नाव दिले, त्याच्या लेखणीत नर्मदेच्या आसमंतातील वनप्रदेशाचे नावही वसले होते. हा योगायोग असेल, पण जीवावरण म्हणजे काय हे समजून घ्यावयाचे तर नर्मदेच्या खोऱ्याइतकी योग्य शाळा थोडी मिळेल.

धार जिल्ह्यातील धरमपुरी हे नर्मदेच्या उत्तर तीरावरील जुने गाव. पूर्वी ते धारच्या पवारांच्या संस्थानात होते. दधीची ऋषींनी येथे तप केले अशी स्थानिक श्रद्धा आहे, आणि मांडूची राणी रूपमती मूळची धरमपुरीची, असे एक आख्यायिका सांगते. मांडूच्या पठारावरील रूपमतीच्या मंडपातून नर्मदेची रेघ दूरवर दिसते. धरमपुरीहून पश्चिमेकडे मनावर, कुक्षी आणि बाघ या दिशेने निघाले की एकेका टप्प्यावर जमिनीचे वेगळे युग उघडे पडते.

बाघ येथील लेणी मराठी वाचकांस चित्रांमुळे ठाऊक आहेत. ही लेणी ज्या वालुकाश्मात कोरलेली आहेत, तो या कथेचा पहिला अध्याय होय. त्याच्या वर चुनखडकाचे थर आहेत, आणि त्या चुनखडकात कालवांचे शिंपले, सागरी अर्चिनांची कवचे, मुशी माशांचे दात आणि अ‍ॅमोनाइट नावाच्या गुंडाळीदार शंखांचे ठसे सापडतात. समुद्र तेथून कित्येक योजने दूर असताना हे प्राणी तेथे कसे आले? विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे भूगर्भवर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८८४ साली प्रमथनाथ बोस यांचा नर्मदा-खोऱ्यावरील प्रबंध निघाला. परकीय अधिकाऱ्यांनी भरलेल्या त्या खात्यात वरच्या श्रेणीवर चढलेल्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. या व नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले ते असे : सुमारे दहा ते नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा पश्चिमेकडून आजच्या नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. आज जेथे कापसाचे शेत आहे, तेथे त्या काळी उथळ समुद्र होता. या खडकातील काही थर तर सागरी सूक्ष्म प्राण्यांच्या सांगाड्यांचेच बनलेले आहेत. मांडूच्या जुन्या इमारतींत हा दगड वापरल्याची नोंद सर्वेक्षकांनी करून ठेवली आहे. सुलतानांच्या महालांत, त्यांच्या नकळत, एका लुप्त समुद्रातील प्राण्यांची हाडे बसवली गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

समुद्र हटला. मागे राहिलेल्या नदीनाल्यांच्या व तळ्यांच्या काठी महाकाय सरटांची वस्ती झाली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या व अन्य संशोधकांनी धार जिल्ह्यातील बाघ-कुक्षी परिसरातील डायनोसॉरांच्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लांब मानेच्या, शाकाहारी टायटनोसॉर कुळातील हे प्राणी होते. त्याच वर्षाच्या अखेरीस जिल्ह्यातील पाडल्या गावची हकीकत वृत्तपत्रांत आली. तेथील शेतकऱ्यांना नांगरताना वाटोळे दगड सापडत. शेताचे व गुराढोरांचे रक्षण करणारा 'काकर भैरव' म्हणून ते त्यांची पूजा करीत. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते दगड डायनोसॉरची अश्मीभूत अंडी असल्याचे ओळखले. या गोष्टीत हसण्याजोगे काही नाही. मातीतून निघालेली ती वस्तू सामान्य नव्हे, एवढे त्या शेतकऱ्यांनी अचूक जाणले होते.

नंतर आला अग्नी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमी भेगाळली आणि तप्त रसाचे पूर एकामागून एक वाहू लागले. सह्याद्रीपासून माळव्यापर्यंत पसरलेला, आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर व्यापणारा काळा पाषाण म्हणजे ते थिजलेले पूर होत. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड उल्का आदळली. महाकाय सरटांचे युग संपले. तथापि जीव संपला नाही. दोन पुरांच्या मधल्या शांततेत पाणी साचे, गाळ बसे आणि त्यात पुन्हा गोगलगायी, वनस्पती व बेडूक दिसू लागत. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा एका गाळाच्या थरात सापडलेल्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन १८४७ सालीच झालेले आहे. नर्मदेच्या उगमाकडील डिंडोरी जिल्ह्यात घुघुआ येथे ताडमाडांच्या खोडांचे दगड झालेले दिसतात. काळ्या पाषाणाची झीज होऊन पुढे काळी कसदार जमीन तयार झाली. माळवा, निमाड, खानदेश आणि विदर्भ यांचा कापूस व ज्वारी त्या जुन्या अग्नीच्या राखेवर वाढते, असे म्हणता येईल.

या साऱ्याचा अर्थ लावणारी दृष्टी १९२६ साली मिळाली. व्लादिमिर व्हर्नाड्स्की या रशियन शास्त्रज्ञाचा 'बायोस्फिअर' हा ग्रंथ त्या वर्षी लेनिनग्राड येथे प्रसिद्ध झाला. झ्यूस यांच्या लेखी जीवावरण म्हणजे पृथ्वीवरील एक आवरण. व्हर्नाड्स्कींनी दाखविले की ते आवरण पृथ्वीला घडविणारी एक शक्तीच आहे. हवेचा सुमारे एकवीस टक्के हिस्सा असलेला प्राणवायू वनस्पतींनी व सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेला आहे. जीव नसता तर तो खडकांशी संयोग पावून केव्हाच नाहीसा झाला असता. चुनखडकाचे डोंगर शिंपल्यांनी रचले, कोळसा अरण्यांनी रचला, मातीही मुळ्यांनी व कृमींनी मळली. घरात भाडेकरू राहतो तसा जीव पृथ्वीवर राहिला नाही. त्याने घराच्या भिंतीच उभारल्या. बाघचा चुनखडक हे या सिद्धांताचे हातात घेऊन पाहता येईल असे प्रमाण आहे.

माणूस या घरात फार उशिरा आला. नर्मदेच्याच काठी, सिहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे, ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचे अश्मीभूत अवशेष मिळाले. त्याही नंतर पुष्कळ काळाने येथे शेती आली. धरमपुरीच्या वरच्या अंगाला महेश्वर आहे. त्याच्या पैलतीरावरील नावडातोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५२-५३ साली आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांची चित्रित मडकी, झोपड्यांचे अवशेष, गहू, मसूर, मूग अशी जळकी धान्ये तेथे मिळाली. काळ्या मातीवर गाव वसविण्याची जी रीत तेथे सुरू झाली, तीच धरमपुरीपर्यंत चालत आलेली आहे.

विसाव्या शतकात मात्र मनुष्याने नदीलाच हात घातला. १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निर्णयाने सरदार सरोवर धरणाची रूपरेषा ठरली. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास अनुमती दिली, २०१७ साली दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. पूर्ण भरल्यावर या जलाशयाचे शेपूट २१४ किलोमीटर मागे पोहोचते. मध्य प्रदेशातील १९२ गावे आणि एक शहर बुडीत क्षेत्रात येणार, असे योजनेत गणले होते, आणि ते एक शहर म्हणजे धरमपुरी होय. पातळ्यांची गणिते पुढे बदलली, काही घरे यादीतून वगळली गेली. तरीही २०१९ च्या पाण्याने धार जिल्ह्यातील निसरपूर, चिखलदा यांसारखी गावे गिळली. गुजरातेतील कोरड्या भागांना या धरणाने पाणी दिले, वीज दिली, हे कोणीही नाकारू नये. पण वाहत्या पाण्याचा जीव निराळा आणि साचलेल्या पाण्याचा निराळा, हेही तितकेच खरे आहे. खळाळत्या, गोट्यांच्या पात्रात अंडी घालणारा महासीर मासा मध्य प्रदेशाने २०११ साली राज्यमत्स्य म्हणून गौरविला. त्याला लागणारे पात्र मात्र धरणांच्या मालिकेने ठिकठिकाणी अडविले आहे.

सप्टेंबर १९६८ मध्ये युनेस्कोने पॅरिस येथे जीवावरणावर परिषद भरविली. तिच्यातूनच १९७१ साली 'मनुष्य आणि जीवावरण' हा कार्यक्रम निघाला. भारतात १९८६ साली निलगिरीचे पहिले जीवावरण-राखीव क्षेत्र झाले, आणि १९९९ साली नर्मदेच्या दक्षिणेकडील पचमढीच्या डोंगरांचे. या प्रयत्नांचे मोल आहेच. परंतु राखीव क्षेत्राला कुंपण घालता येते, जीवावरणाला येत नाही. शेत, घाट, विहीर आणि नदीचा गाळ ही सारी त्याच थरातली आहेत.

भूतकाळाकडे बोट दाखवून कधी कधी एक दिलासा दिला जातो. समुद्र आला आणि गेला, अग्नीचे पूर आले, तरी जीव टिकला, मग आजची चिंता कशाला? नर्मदाकाठचे दगड या दिलाशाचे फक्त अर्धेच समर्थन करतात. जीवावरण टिकले, हे खरे. त्यातील रहिवासी टिकले नाहीत, हेही खरे. अ‍ॅमोनाइट परत आला नाही, त्या २५६ अंड्यांचे वारस परत आले नाहीत. त्या उलथापालथीतून बेडूक टिकला, महाकाय सरट टिकला नाही. पृथ्वीवर जीव राहील की नाही, हा म्हणून मनुष्यापुढचा प्रश्नच नव्हे. तो राहील, निदान कोयनेच्या खालच्या काळोख्या ग्रॅनाइटमध्ये तरी राहील. प्रश्न आहे तो त्या दीड मिलिमीटरांच्या थरात गव्हाला, महासीराला आणि धरमपुरीसारख्या गावाला जागा उरेल की नाही, हा. त्याचे उत्तर भूगर्भशास्त्र देऊ शकत नाही. ते आज नदीकाठी राहणाऱ्यांनी आणि नदीविषयी निर्णय घेणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.