वादळ पडद्यावरचें आणि आपल्या आठवणींतलें



महोत्सवाच्या तयारींत आपल्या तरुण मंडळींनीं एक बोलपट दाखविण्याचें ठरविलें व त्याची निवड मजवर सोपविली. मीं 'द हरिकेन' हा जुना चित्रपट सुचविला. जॉन फोर्ड यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट इ. स. १९३७ चा, सेमिनरींत असतां आम्हीं तो पाहिला होता. दक्षिण समुद्रांतील एका काल्पनिक बेटावर तुफान येतें, भयभीत लोक देवळाचा आश्रय घेतात, वृद्ध धर्मगुरु त्यांस सोडून जात नाहींत, आणि अखेर समुद्र देवळासह सर्वांना गिळून टाकतो. मोठ्या वृक्षाला दोरांनीं बांधून घेतलेले व होडींत बसलेले थोडे जीव तेवढे वांचतात. ध्वनिमुद्रणाबद्दल या बोलपटास ऑस्कर पारितोषिकही मिळालें होतें.

लाटा उसळल्या तेव्हां मुलांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु मागच्या बाकावरील एक वृद्ध बाई उठून बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशीं मीं विचारपूस केली, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या कीं, फादर, त्या चित्रांत चिखल कोठेंच दिसला नाहीं. त्यांच्या या उत्तरानें मला विचारांत टाकलें, आणि हा लेख त्याचेंच फळ होय.

आपल्या किनाऱ्याला तुफानें नवीं नाहींत. इ. स. १६१८ च्या मे महिन्यांत मुंबई व वसईवर आलेल्या झंझावाताची हकीकत पोर्तुगीज अमदानींतून आपणांपर्यंत पोंचली आहे. देवळांचीं छपरें उडालीं, गलबतें फुटलीं व सुमारें दोन हजार माणसें दगावलीं, असें तींत म्हटलें आहे. ता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रांत बुडून सहाशेंहून अधिक उतारूंना जलसमाधि मिळाली; आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ती आठवण अद्यापि बुजलेली नाहीं. आणि ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस जमिनीवर आलें, तें तर आपण सर्वांनीं अनुभविलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धन-मुरुडकडील नारळी-पोफळीच्या बागा, ज्यांस वाढावयास एक पिढी लागते, त्या कांहीं तासांत आडव्या झाल्या.

चक्रीवादळ हें उबदार समुद्राच्या वाफेवर पोसलें जातें. जमिनीवर येतांच तें पोषण तुटतें व त्याचा जोर ओसरतो. म्हणून महाड-पोलादपूरच्या माणसास वाटतें कीं, समुद्र दूर आहे, तेव्हां आपण निर्धास्त आहोंत. परंतु ही समजूत खरी नव्हे. महाड हें पूर्वीं बंदर होतें, आणि बाणकोटच्या खाडींतून भरतीचा प्रभाव आजही येथवर पोंचतो. तिकडे महाबळेश्वरावर पडणारा पाऊस सावित्रीच्या पात्रानें पोलादपूरवरून खालीं येतो. गांधारी व काळ या नद्याही महाडजवळ तिला मिळतात. वरून पूर उतरला आणि त्याच वेळीं खालून भरती चढली, म्हणजे पाण्यास जावयास वाट उरत नाहीं. तें बाजारपेठेंत शिरतें. आणि डोंगराची माती भिजून जड झाली, म्हणजे दरड सुटते.

ता. २६ जुलै २००५ हा दिवस उच्चारतांच सर्वांना मुंबई आठवते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, आणि त्या दिवसावर 'तुम मिले' हा हिंदी चित्रपटही इ. स. २००९ मध्यें निघाला. परंतु त्याच दोन दिवसांत आपल्या तालुक्यांतील जुई, दासगांव, रोहन व कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळून दीडशेंहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं, हें त्या चित्रपटाच्या प्रेक्षकांपैकीं कितीजणांस ठाऊक असेल? पुढें जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरीं एका दिवसांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. ता. २२ रोजीं तळिये येथें दरड कोसळली व ऐंशींहून अधिक जीव गेले. रस्ते पाण्याखालीं असल्यामुळें मदतीस निघालेल्यांना तेथें पोंचण्यास विलंब झाला. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही माणसें दगावलीं. हीं दोन्हीं संकटें चक्रीवादळाचीं नव्हतीं. तीं आषाढांतल्या पावसाचीं होतीं. पडद्यावर शोभेल असा वारा त्यांत नव्हता.

आणि त्या बाईंचा चिखल तो हाच. बोलपट वादळाबरोबर संपतो. आपलें दुःख पूर ओसरल्यावर सुरू होतें. धान्याच्या पिंपांत, चुलींत, कपाटांत, मुलांच्या दप्तरांत, दुकानाच्या हिशेबाच्या वह्यांत बसलेला तो गाळ काढतांना माणसाची कंबर मोडते, आणि उमेदही मोडते.

म्हणून चित्रपट त्याज्य आहेत असें मी म्हणत नाहीं. केरळच्या महापुरावर इ. स. २०२३ मध्यें '२०१८' नांवाचा मल्याळी चित्रपट निघाला. होड्या घेऊन शेजाऱ्यांच्या मदतीस धांवलेल्या कोळी बांधवांना त्यानें न्याय दिला. परंतु आपल्या वाड्यांवर कोणी चित्रपट काढील, याची वाट पाहत बसणें शहाणपणाचें नाहीं. आपली आठवण आपणच लिहिली पाहिजे, आणि ती खरी लिहिली पाहिजे.

खरी म्हणण्याचें कारण सांगतों. इ. स. १८८२ च्या जून महिन्यांत मुंबईवर तुफान येऊन एक लाख माणसें मेलीं, असें कित्येक याद्यांत छापलेलें आढळतें. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठांतला एक माणूस मेला असें मानावें लागेल. अभ्यासकांनीं त्या काळच्या नोंदी तपासल्या, तेव्हां असें तुफान झाल्याचा पुरावाच सांपडला नाहीं. जें घडलें नाहीं तें ग्रंथांत शिरतें, आणि जुईच्या डोंगराखालीं जें घडलें तें विसरलें जातें; इतिहासाचा हा अन्याय नोंदवहीवांचून दूर होत नाहीं.

आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपण्याची रीत आहे. त्यांच्या शेजारीं आणखी एक वही ठेवावी, असा माझा मानस आहे. रविवारच्या मिस्सानंतर ज्येष्ठ मंडळींनीं यावें, आणि पाणी कोणत्या तारखेस, किती वाजतां, कोठवर चढलें; डोंगराला भेग प्रथम कोणी पाहिली; कोणती वाट खुली राहिली; कोण वांचलें व कोण गेलें, हें सांगावें. शेजारच्या वाड्यांतील इतर धर्मांच्या बांधवांचेंही सांगणें त्यांत यावें. दरड कोसळतांना कोणाचा धर्म विचारीत नाहीं. ज्यांच्या भिंतीवर पुराची खूण अजून आहे, त्यांनीं ती रंगानें झांकूं नये. तिच्याशेजारीं साल लिहावें.

पुढच्या महोत्सवास आपणांपैकीं पुष्कळजण नसतील. त्या वेळीं आषाढांतल्या एखाद्या रात्रीं कोणी ती वही उघडील, भिंतीवरची खूण पाहील, आणि मुलांना घेऊन वेळींच उंच जागीं जाईल. तर या वर्षीं आपण कांहीं कमावलें, असें होईल.