हलालखोर, मैला आणि माटुंग्याची टाकी

आर्णीत उरूस भरला की आमच्या घरी पाहुणे येतात आणि संडासाची टाकी भरते. बाबा कंबलपोशांच्या उरुसाआधी म्हणून यंदा टाकी उपसणारी गाडी बोलावली. पाइप टाकला, पंप लावला, अर्ध्या तासात काम फत्ते. पैसे देताना विचारलं, "आता हे नेणार कुठे?" ड्रायव्हर हसला. "भाऊ, तुमची टाकी खाली झाली ना?"

त्या हसण्याचा अर्थ मला कळला. अंधार पडला की नाला. नाल्यातून अरुणावती, मग पैनगंगा, वर्धा, शेवटी गोदावरी. म्हणजे माझ्या घरचा मैला मीच नदीत सोडला, फक्त दुसऱ्याच्या हातून.

हे 'दुसऱ्याच्या हातून' प्रकरण फार जुनं आहे. सफाई करणाऱ्यांना 'हलालखोर' हे नाव अकबर बादशाहाने रूढ केलं, असं 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने नोंदवलंय. हलालखोर, म्हणजे हलाल कमाईचं खाणारा. 'मेहतर' या फारसी शब्दाचा अर्थ तर थोर, सरदार. नावं एवढी मोठी दिली, पण डोक्यावरची पाटी काही उतरवली नाही. एका सफेत खांद्याला खांदा लावून उभं राहणाऱ्या आपल्या समाजात हलालखोरांच्या, लालबेग्यांच्या घरचं पाणी किती जण प्यायले, हे ज्याने त्याने आपल्या आजीला विचारावं. मी विचारलं होतं. तिने विषय बदलला.

इंग्रजांनी हा शब्द थेट कायद्यात घातला. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' होता. घराघरातला मैला पालिकेची माणसं उचलणार आणि त्याचे पैसे घरमालक भरणार.

गंमत अशी की त्याच मुंबईत, त्याच काळात, माणसाचा हात न लावता मैल्याचं काय करता येईल याचा एक प्रयोग चालू होता. १८९० मध्ये पालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा केला. (हेच ते अ‍ॅकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले.) आज वडाळ्यात आहे ते अ‍ॅकवर्थ रुग्णालय त्याच आश्रमाचं. तिथला मैला बंद टाक्यांत साठवला जाई. पालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी १८९७ च्या सुमारास त्या टाक्यांवर वायू पकडायची सोय केली. त्या वायूवर पुढे दिवे लागले, इंजिन चाललं. मैल्यापासून वायू मिळवण्याच्या जगाच्या इतिहासात माटुंग्याचं नाव अगदी पहिल्या पानांवर येतं. ज्यांना गावाने बाहेर काढलं त्यांच्या टाकीवर हा दिवा लागला, याची आठवण मात्र आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही.

आजच्या मैलापाणी केंद्रात तत्त्व तेच आहे. आधी जाळीत चिंध्या, प्लास्टिक अडतं. मग रेती खाली बसते, मग जड मळ. उरलेल्या पाण्यात हवा सोडतात, म्हणजे जिवाणू वाढून घाण खातात. ही पद्धत १९१४ ची, मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांची. त्यांची हुशारी एवढीच की खाली बसलेला जिवाणूंचा गाळ सगळा फेकायचा नाही, थोडा परत टाकीत सोडायचा. दह्याला विरजण लावतो तसं. पाणी निवळून, क्लोरीन मारून बाहेर जातं. खरं लचांड गाळाचं. तो दिसतो घट्ट, पण त्यात बहुतेक पाणीच असतं. बंद टाकीत काही आठवडे कुजवला की वायू निघतो, वास कमी होतो, मग वाळवतात. तरी जंतांची अंडी चिवट असतात, म्हणून नीट न वाळवलेला गाळ भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

आपल्या फिकहला हे परकं नाही. रंग, वास, चव बदलली की पाणी गेलं, हा हिशेब मदरशातलं पोरही सांगतं. १९७८ मध्ये सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने म्हटलं की सांडपाणी पूर्ण शुद्ध होऊन त्यात या तिन्हींचा मागमूस उरला नसेल तर ते पाक आहे, त्याने वुजू चालेल. प्यायला मात्र तब्येतीच्या कारणाने टाळावं. हनफी फिकहमध्ये इस्तिहाला आहेच: नापाक वस्तूचं रूपच पालटलं, तिची माती किंवा राख झाली, तर हुकूमही पालटतो.

आर्णीसारख्या गावाला एवढा मोठा कारखाना लागतच नाही, कारण आपला मैला गटारात कमी आणि घरोघरच्या टाक्यांत जास्त असतो. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकच्या सिन्नरने २०१८ च्या सुमारास वेगळी वाट धरली. तिथं टाकी तुंबायची वाट न पाहता साधारण तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी पाळीने उपसायची आणि गाडी गाळावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातच रिकामी करायची, अशी पद्धत बसवली. दोन्ही नगरपरिषदांचीच गावं.

उरूस झाल्यावर तोच ड्रायव्हर चौकात चहा पिताना भेटला. मी वाई-सिन्नरचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याचे आजोबा पाटी उचलायचे, हे त्या दिवशी त्यानेच सांगितलं. मग ग्लास खाली ठेवत म्हणाला, "जागा दाखवा भाऊ. उद्यापासून गाडी तिथंच रिकामी करतो."

मला जागा दाखवता आली नाही.