देवगिरीचा हिशेबनीस आणि रुग्णालयातले गाणे

आपल्या बहुतेकांच्या मोबाइलवर एक यादी अधूनमधून येत असते. रक्तदाबाला अमुक राग, मधुमेहाला तमुक, झोप येत नसेल तर तिसराच. यादी करणाऱ्याचे नाव नसते, पण आपण ती श्रद्धेने पुढे पाठवतो. संगीताने आजाऱ्याला आराम पडतो ही समजूत जुनी आहे आणि तिला खरा इतिहासही आहे. तो यादीपेक्षा पुष्कळ वेगळा आहे. गणेशोत्सवाच्या निमित्ताने तो आपण थोडक्यात पाहू.

सुरुवात घरातूनच करता येते. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले होते. म्हणजे दुसऱ्या मुलखात येऊन रुजलेले, आपल्यासारखेच हे घराणे. शार्ङ्गदेवाचा हुद्दा ‘श्रीकरणाग्रणी’, राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. वैद्यकाचीही त्याला जाण होती. सरकारी काम सांभाळून त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही परंपरा आजही त्याला प्रमाण मानतात.

या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात स्वर-श्रुतींच्या आधी पिंडोत्पत्तीचे प्रकरण येते. गर्भ महिन्यामहिन्याने कसा वाढतो, शरीरात काय काय असते, याचे वर्णन त्यात आहे. गाण्याच्या पुस्तकात हे कशाला, असे वाटेल. शार्ङ्गदेवाचा विचार सरळ आहे. नाद शरीरातून उठतो, म्हणून आधी शरीर समजून घ्यावे. पुढे रागांबद्दल लिहिताना तो रस, ऋतू आणि प्रहर यांच्या भाषेत बोलतो.

गाणे प्रत्यक्ष रुग्णालयात नेले ते इतरांनी. तुर्कस्थानातील एदिर्ने शहरात सुलतान दुसरा बायेझिद याने बांधलेले रुग्णालय 1488 मध्ये पूर्ण झाले. मोठा घुमट, त्याखाली कारंजे आणि भोवती रुग्णांच्या खोल्या. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो की, तेथे दहा गायक-वादक नेमलेले होते आणि ते आठवड्यातून तीन वेळा रुग्णांसाठी गात-वाजवत. पण त्याच रुग्णालयात वैद्य होते, औषधे होती, पथ्याचे जेवण होते. गाणे हा उपचाराचा एक भाग होता. ती इमारत आजही उभी आहे. तेथे आता आरोग्याचे संग्रहालय आहे.

आपल्या बडोद्याचाही या इतिहासात वाटा आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये येथे गायनशाळा सुरू केली. त्यांचे नातू हजरत इनायत खाँ यांचा जन्म 1882 मध्ये बडोद्यातलाच. 1910 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे अमेरिका-युरोपात नाद, मन आणि आरोग्य यांच्या नात्यावर व्याख्याने देत राहिले. त्यांची भूमिका सूफी साधकाची होती, डॉक्टरची नव्हे.

डॉक्टरांच्या बाजूने काम वाढले ते दुसऱ्या महायुद्धात. जखमी आणि मनाने खचलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत कलावंत येऊन गात-वाजवत. रुग्णांना बरे वाटे, पण चांगल्या वादकाला रुग्ण कसा हाताळावा हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून शिक्षणाची गरज पटली. 1944 मध्ये मिशिगन येथे पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, 1946 मध्ये कॅन्सास विद्यापीठात, आणि 1950 मध्ये या उपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. संगीतोपचार हा रीतसर व्यवसाय झाला.

या व्यवसायाला लागून असलेली एक गोष्ट आपल्या घरांशी फार जवळची आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर काही रुग्णांची वाचा जाते. ऐकलेले समजते, पण शब्द फुटत नाही. असा माणूस पाठ असलेले स्तोत्र मात्र म्हणू शकतो, हे अठराव्या शतकातच युरोपात नोंदले गेले होते. बहुतेकांमध्ये बोलण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूला चालते, गाण्यात उजव्या बाजूचाही मोठा सहभाग असतो. हे धरून 1973 मध्ये बॉस्टनच्या तज्ज्ञांनी एक पद्धत मांडली. ‘पाणी दे’ अशी लहान वाक्ये उंच-सखल सुरांत म्हणायची, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा, आणि हळूहळू सूर कमी करत बोलण्याकडे यायचे. सगळ्यांनाच ती लागू पडत नाही. ज्यांना पडते त्यांनाही महिनोन्महिने सराव लागतो.

आता त्या यादीकडे वळू. अमुक रागाने मधुमेह जातो, याला चाचण्यांचा भक्कम आधार नाही. अशा यादीवर विसंबून कोणी गोळ्या थांबवल्या तर ते जिवावर बेतेल. भीती कमी होणे, शस्त्रक्रियेआधी मन शांत होणे, कंपवाताच्या रुग्णाला ठेक्यावर पाऊल टाकता येणे, विस्मरण झालेल्या माणसाचा चेहरा ओळखीच्या गाण्याने खुलणे, असा फायदा मात्र अनेक ठिकाणी दिसला आहे.

आणि विस्मरणात बहुधा उपयोगी पडते ते त्या माणसाने बालपणी-तरुणपणी ऐकलेले गाणे. आपल्या आजी-आजोबांच्या बाबतीत ते म्हणजे गणपतीची आरती, भूपाळी, जात्यावरची ओवी, एखादे नाट्यपद. बडोद्याच्या रुग्णालयातल्या परिचारिकेला हे कोण सांगणार? ते घरच्यांनीच सांगायला हवे. अडचण अशी की, आपल्या नातवंडांना आरतीचे पहिले कडवे येते, पुढे नुसत्या टाळ्या. आजीची ओवी तर कोणाला ठाऊकच नाही.

म्हणून एक विनंती. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या औषधांच्या फाईलमध्ये एक कागद जास्तीचा ठेवावा. त्यावर त्यांच्या आवडीची दहा गाणी त्यांनाच विचारून लिहावीत, आणि जमल्यास त्यांच्याच आवाजात मोबाइलवर उतरवून घ्यावीत. उत्सवाचे दहा दिवस घरची मंडळी एकत्र असतात. हे काम तेवढ्यात सहज होईल.